मुंबईहून पाठवलेला निबंध, जो ४५ वर्षं कपाटात पडून राहिला

आज पाणीटंचाई नाही, मोंढ्यातले भाव नाहीत, झेडपीचं राजकारणही नाही. आज थोडा इतिहास. विषय भौतिकशास्त्राचा आहे, पण घाबरून पुढे सरकू नका, कारण गणित जवळजवळ नाहीच. गोष्ट माणसांची आहे. कुणाचं लिहिलेलं वाचलं जातं आणि कुणाचं नाही, याची आहे. आणि तिची सुरुवात थेट आपल्या मुंबईत होते.

साल १८३९. एडिनबर्गचा जॉन जेम्स वॉटरस्टन नावाचा अठ्ठावीस वर्षांचा इंजिनिअर मुंबईत आला. वडिलांचा धंदा पत्रांवर शिक्का मारायची लाख बनवण्याचा. इथे त्याला ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारात नोकरी मिळाली होती. हुद्दा शिक्षकाचा. कंपनीच्या जहाजांवर जाणाऱ्या पोरांना तारे बघून दिशा कशी काढायची, जहाज कुठे आहे ते कसं मोजायचं, हे शिकवायचं. म्हणजे प्राध्यापक नाही, कुठल्या मोठ्या विद्यापीठाचा नाही, साधा नोकरदार मास्तर.

ही तीच कंपनी, जिच्या फौजेने १८०३ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या आसईला शिंदे-भोसल्यांच्या सैन्याशी लढाई केली होती. वॉटरस्टन मुंबईत होता तेव्हा आपलं जालना निजामाच्या मुलखात होतं. मुंबई विद्यापीठ निघायलाही अजून बरीच वर्षं होती, ते १८५७ मध्ये स्थापन झालं. अशा मुंबईत, नोकरी सांभाळून, हा माणूस रिकाम्या वेळात एका प्रश्नामागे लागला होता: उष्णता म्हणजे नेमकं काय?

त्या काळी बऱ्याच विद्वानांना वाटायचं की उष्णता हा एक प्रकारचा अदृश्य द्रव आहे. गरम वस्तूत तो जास्त, थंड वस्तूत कमी. वॉटरस्टनचं म्हणणं वेगळं होतं. हवा म्हणजे असंख्य बारीक कणांची झुंबड. ते कण सतत इकडून तिकडे पळतात, एकमेकांवर आदळतात, भांड्याच्या भिंतीवर आदळतात. भिंतीवरचे हे धक्के म्हणजे हवेचा दाब. आणि कणांची ही पळापळ म्हणजेच उष्णता. पळापळ वाढली की तापमान वाढलं.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळई करतात. भट्टीतलं लोखंड साधारण १५०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. घन लोखंडात प्रत्येक अणू आपापल्या जागी थरथरत असतो. भट्टी तापत जाते तशी ही थरथर वाढते, इतकी की शेवटी अणूंची रांग मोडते आणि लोखंड पाण्यासारखं वाहायला लागतं. कामगाराला मीटरवर दिसतो फक्त एक आकडा. पण तो आकडा म्हणजे मोजता येणार नाहीत इतक्या अणूंच्या हालचालीची सरासरी असते.

कण पळतात, ही कल्पना पूर्ण नवी नव्हती. डॅनियल बर्नुली याने १७३८ मध्येच धक्क्यांवरून दाब समजावून सांगितला होता. वॉटरस्टन त्याच्या पुढे गेला. दोन वेगवेगळे वायू एकत्र मिसळले तर काय होईल, हे त्याने हिशेबाने सांगितलं. जड कण हळू पळतील, हलके जोरात, आणि दोघांची सरासरी ऊर्जा सारखीच राहील. ऑक्सिजनचा रेणू हायड्रोजनच्या रेणूपेक्षा सोळा पट जड. म्हणजे हायड्रोजनचा वेग ऑक्सिजनच्या चौपट. आज बीएस्सीच्या पोरांना हा नियम परीक्षेला येतो.

आता थोडं थांबून एक गोष्ट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

आपल्या करंगळीच्या टोकाएवढ्या, म्हणजे एक घन सेंटीमीटर हवेत रेणू किती? २५ लिहा आणि त्यावर अठरा शून्यं द्या, साधारण तितके. प्रत्येक जण सेकंदाला सुमारे पाचशे मीटर वेगाने पळतोय आणि क्षणाक्षणाला दिशा बदलतोय. यातला एक रेणू पुढच्या क्षणी कुठे असेल, ते कुणी सांगू शकत नाही. मग हवेचा दाब इतका स्थिर कसा? सायकलच्या ट्यूबमध्ये दर सेकंदाला दाब वर-खाली का होत नाही?

उत्तर नाणेफेकीत आहे. नाणं १०० वेळा उडवा. छापे बरोबर ५० येतीलच असं नाही, बहुतेक वेळा ४० ते ६० च्या मध्ये येतील. १०,००० वेळा उडवा, ४,९०० ते ५,१०० च्या मध्ये येतील. दहा लाख वेळा उडवलं तर ४ लाख ९९ हजार ते ५ लाख १ हजार. बघा, चूक आधी शेकडा दहा होती, मग एक झाली, मग एक दशांश. एकेक फेक पूर्ण बेभरवशाची, पण गर्दी जितकी मोठी तितकी सरासरी पक्की. आणि रेणूंची गर्दी तर अशी की सरासरी हलायलाच तयार नाही. एकट्या कणाचा नाद सोडायचा आणि गर्दीचा हिशेब करायचा, या शास्त्राला सांख्यिकीय भौतिकी म्हणतात. इंग्रजीत स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स.

(जाता जाता एक. हा नियम उलटाही वाचायचा असतो. संख्या लहान असेल तर सरासरीवर फार विसंबू नये. एका महसूल मंडळात बहुतेक वेळा एकच पर्जन्यमापक असतं आणि त्यावरून कितीतरी गावांचा पाऊस ठरतो. मापकापाशी धो-धो पडला आणि तीन किलोमीटरवरचं शिवार कोरडं राहिलं, तर कागदावर ते शिवारही भिजलेलंच. गर्दीचा नियम एका आकड्याला लागू होत नाही.)

आता परत मुंबईकडे. वॉटरस्टनने आपले विचार आधी १८४३ मध्ये एका पुस्तकात घातले होते. पुस्तक एडिनबर्गला छापलं, स्वतःचं नाव न घालता, आणि शीर्षकावरून ते मनाच्या व्यापारांवरचं वाटायचं. भौतिकशास्त्राच्या माणसाने ते उघडायचं काही कारणच नव्हतं. मग १८४५ च्या डिसेंबरात त्याने सविस्तर निबंध लिहून लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवला. त्या काळातलं विज्ञानाचं सगळ्यात मोठं दार ते.

सोसायटीने तो दोन परीक्षकांकडे दिला. एकाला पटला नाही. दुसऱ्याने तर लिहून दिलं की हा शुद्ध वेडेपणा आहे, सभेत वाचण्याच्याही लायकीचा नाही. छोटासा सारांश तेवढा १८४६ मध्ये छापला गेला. मूळ निबंध गेला कपाटात. नियम असा होता की सोसायटीपुढे आलेला निबंध सोसायटीचा, लेखकाला परत नाही. आणि वॉटरस्टनने स्वतःकडे नक्कल ठेवली नव्हती. झेरॉक्सचा जमाना नव्हता.

पुढे काय झालं ते ऐका. १८५६ मध्ये जर्मनीत क्रोनिग याने वायूच्या कणांबद्दल लिहिलं. १८५७ मध्ये क्लॉसियसने ते आणखी पक्कं केलं. १८६० मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेलने सगळ्यात मोठी उडी घेतली. तो म्हणाला, सगळे रेणू एकाच वेगाने पळत नाहीत, काही मंद, काही चपळ, पण कुठल्या वेगाचे किती, याचं प्रमाण ठरलेलं असतं. या पद्धतीची तुलना त्याने पुढे १८७३ च्या एका व्याख्यानात माणसांच्या आकडेवारीशी केली. जनगणना करणारा एकेका माणसाच्या आयुष्यात शिरत नाही, गट पाडतो आणि मोजतो, तसंच हे. म्हणजे माणसं मोजायची रीत आधी आली, अणू मोजायची नंतर. आमच्यासारख्या आकडेवारीच्या बातम्या करणाऱ्यांना याचा उगाच अभिमान वाटतो!

मग आला ऑस्ट्रियाचा लुडविग बोल्ट्झमन. त्याने विचारलं, गोष्टी एकाच दिशेने का घडतात? बरणीत खाली पांढरी ज्वारी भरा, वर पिवळी. बरणी हलवली की दोन्ही मिसळतात. पण मिसळलेली बरणी कितीही हलवा, पुन्हा दोन थर होत नाहीत. का? कुठला कायदा आडवा येतो? बोल्ट्झमनचं उत्तर असं की कायदा वगैरे नाही, नुसती मोजणी आहे. दाणे वेगळे राहण्याचे प्रकार मोजके, मिसळलेले असण्याचे प्रकार अगणित. आंधळेपणाने हलवत राहिलात तर अगणिताच्याच बाजूला जाल. चहात विरघळलेली साखर चमच्यात परत येत नाही, भट्टीतून काढलेली सळई आपोआप पुन्हा तापत नाही, सगळ्याचं मूळ हेच. व्हिएन्नातल्या त्याच्या समाधीवर या मोजणीचं सूत्र कोरलेलं आहे.

पण त्याच्या हयातीत एर्न्स्ट माख, विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांच्यासारखे मोठे लोक विचारत राहिले की अणू पाहिलाय कुणी? बोल्ट्झमन आयुष्यभर भांडत राहिला. मनाचा आजार होताच. ५ सप्टेंबर १९०६ रोजी त्याने इटलीच्या किनाऱ्यावरच्या दुइनो गावी आत्महत्या केली. अणूंच्या धक्क्यांचा हिशेब आइनस्टाइनने आदल्याच वर्षी, १९०५ मध्ये मांडला होता. १९०८ पासून फ्रान्सच्या झाँ पेराँने प्रयोगांनी तो खरा करून दाखवला. ऑस्टवाल्डनेही मग अणू मान्य केले. बोल्ट्झमन ते पाहायला नव्हता.

आणि वॉटरस्टन? तो १८५७ मध्ये नोकरी सोडून मायदेशी परतला. अधूनमधून लिहीत राहिला, पण विद्वानांच्या संस्थांबद्दल मनात कडवटपणा राहिला. १८ जून १८८३ रोजी तो एडिनबर्गच्या घरातून बाहेर पडला, तो परत आलाच नाही. मृतदेहही मिळाला नाही.

त्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ मध्ये, रॉयल सोसायटीचा चिटणीस लॉर्ड रेली याला वॉटरस्टनच्या ध्वनीवरच्या एका जुन्या लेखात त्या निबंधाचा उल्लेख सापडला. रेलीने कपाटं शोधली, निबंध बाहेर काढला आणि १८९२ मध्ये सोसायटीच्याच नियतकालिकात छापला. सोबत प्रस्तावना लिहिली. हा निबंध वेळेवर छापला असता तर हा विषय दहा-पंधरा वर्षं आधी पुढे गेला असता, असं त्याचं मत होतं. संस्थेने स्वतःच्याच कपाटातला घोटाळा स्वतः छापून जाहीर केला. हे मोठेपण मान्यच करायला हवं.

पण त्याच प्रस्तावनेत रेलीने नवख्या लेखकांना एक सल्लाही दिला. सारांश असा की मोठ्या झेपेची खात्री असलेल्या तरुणाने आधी छोटी, सहज तपासता येतील अशी कामं करून नाव मिळवावं, मगच मोठी उडी घ्यावी. व्यवहाराच्या दृष्टीने सल्ला ठीक आहे. मला मात्र तो पटत नाही. याचा अर्थ असा होतो की चूक वाचणाऱ्याची, पण सुधारायचं लिहिणाऱ्याने!

याच शास्त्राच्या इतिहासात उलटी उदाहरणंही आहेत, म्हणून तर ही गोष्ट सांगतोय.

अमेरिकेत विलार्ड गिब्ज नावाचा अबोल प्राध्यापक होता. त्याने आपले लेख कनेक्टिकट राज्याच्या एका स्थानिक अकादमीच्या अंकात छापले. आपल्या भाषेत सांगायचं तर जिल्हा पुरवणीत. युरोपात तो अंक कोण वाचणार? मॅक्सवेलने वाचला. नुसता वाचला नाही, तर त्यातली कल्पना समजावी म्हणून स्वतःच्या हाताने प्लास्टरचा नमुना केला आणि त्याची एक प्रत गिब्जला पाठवली. याच गिब्जने पुढे १९०२ मध्ये या शास्त्राचा पायाभूत ग्रंथ लिहिला.

दुसरं उदाहरण आपलं. १९२४ साली ढाका विद्यापीठात शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकणांची मोजणी करायची नवी रीत शोधली. इंग्लंडच्या नियतकालिकात लेख लागला नाही. तेव्हा त्यांनी तो सरळ आइनस्टाइनला पाठवला. ओळख ना पाळख. आइनस्टाइनने स्वतः जर्मनमध्ये भाषांतर करून तो छापून आणला. आज जगातल्या मूलकणांच्या एका अख्ख्या जातीला बोस यांच्यावरून ‘बोसॉन’ म्हणतात.

वॉटरस्टनही बाहेरचा, बोसही बाहेरचे. दोघांचंही काम अस्सल. फरक एवढाच की एकाचा कागद वाचणारा माणूस भेटला, दुसऱ्याचा भेटला नाही.

आता पुन्हा मुंबईत येऊ. १९७८ साली दीपक धर नावाचे तरुण शास्त्रज्ञ कुलाब्याच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये रुजू झाले. मूळचे उत्तर प्रदेशातल्या प्रतापगडचे, अलाहाबाद आणि कानपूरला शिकलेले, पीएचडी अमेरिकेत. जवळजवळ चार दशकं मुंबईत काढून पुढे ते पुण्याच्या आयसरमध्ये गेले. त्यांचं गाजलेलं काम आहे वाळूच्या ढिगावर.

मोंढ्यात मक्याचा ढीग लागतो ते आठवा. वरून एकेक दाणा टाकत राहा. बहुतेक वेळा काहीच होत नाही. कधी दोन-चार दाणे घरंगळतात. आणि कधी एकाच दाण्याने अख्खी बाजू कोसळते. पुढचा दाणा काय करेल, सांगता येत नाही. भूकंपापासून कितीतरी गोष्टी अशाच वागत असाव्यात, ही कल्पना १९८७ मध्ये पेर बाक आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी मांडली. त्यांनी कागदावर चौकटींचा पट घेतला. एका चौकटीत चार दाणे जमले की ती कोसळते आणि चारही शेजाऱ्यांना एकेक दाणा देते. कडेचे दाणे पटाबाहेर पडतात. नियम पोरखेळाचा, पण त्यातून होणाऱ्या पडझडीचा हिशेब भल्याभल्यांना नेमका मांडता येत नव्हता.

धर यांनी १९९० मध्ये दाखवलं की कुठली चौकट आधी कोसळू दिली आणि कुठली नंतर, याने शेवटी काही फरक पडत नाही. पट शेवटी तसाच दिसतो. ऐकायला साधी गोष्ट, पण या एका किल्लीने नेमका हिशेब करायचं दार उघडलं. क्रम बदलून उत्तर न बदलणाऱ्या अशा गणिताला नॉर्वेच्या नील्स आबेल याच्यावरून ‘अबेलियन’ म्हणतात, म्हणून याचं नाव अबेलियन सँडपाइल. योगायोग बघा: या आबेलचाही एक मोठा निबंध १८२६ मध्ये पॅरिसच्या अकादमीत कागदांखाली गडप झाला होता आणि तो छापला गेला त्याच्या मृत्यूनंतर, १८४१ मध्ये.

सांख्यिकीय भौतिकीतला सर्वोच्च जागतिक सन्मान म्हणजे बोल्ट्झमन पदक. २०२२ चं पदक दीपक धर यांना मिळालं. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. २०२३ मध्ये त्यांना पद्मभूषणही मिळालं. पदकाचे दुसरे मानकरी होते अमेरिकेचे जॉन हॉपफिल्ड, ज्यांना २०२४ मध्ये जेफ्री हिंटन यांच्यासोबत भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. कशासाठी? आज आपल्या मोबाइलमध्ये जी एआय आलीय, तिच्या पायाभरणीसाठी. हिंटन यांनी सहकाऱ्यांसोबत १९८५ मध्ये मांडलेल्या एका पद्धतीचं नावच ‘बोल्ट्झमन मशीन’ आहे. म्हणजे अणू आहेत की नाहीत यावर आयुष्यभर भांडलेल्या माणसाची मोजणी आज आपल्या खिशात आहे. “याचा उपयोग काय?” असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. उपयोग कळायला कधी कधी शंभर वर्षं लागतात.

१८४५ मध्ये मुंबईहून गेलेला कागद कपाटात पडला, १९९० मध्ये मुंबईहूनच गेलेला कागद जगाने वाचला. मधल्या काळात इथे संस्था उभ्या राहिल्या, ग्रंथालयं झाली, नियतकालिकांशी संबंध जुळले, विचारायला चार जाणकार सहकारी मिळाले. हुशारी तेव्हाही होती. तिला पाठबळ नव्हतं.

आणि हेच पाठबळ मुंबई-पुण्याच्या बाहेर किती पोहोचलं, हा माझा प्रश्न आहे. बातमीदारीत रोज कागद हातात येतात. निवेदनं, पत्रकं, तक्रारी. सगळीकडे एक रीत दिसते. कागद उघडला की आधी लेटरहेड बघतात, मग सही, आणि वेळ उरला तर मजकूर. मंठ्याच्या किंवा जाफराबादच्या कॉलेजातली पोरगी भौतिकशास्त्रात काही वेगळं म्हणायला लागली, तर ते वाचणारा तिला कुठे भेटणार? एखादा शेतकरी वीस वर्षं विहिरीच्या पाण्याची पातळी वहीत लिहीत असेल, तर ती वही कुठल्या कार्यालयात कोण उघडून बघणार?

जालना सोन्याचा पालना, असं आपण म्हणतो. बियाणं, सळई, मोसंबी यांनी जिल्ह्याचं नाव केलं. पण त्या पाळण्यात वह्या-कागदांनाही जागा हवी. म्हणून एक विनंती. तुमच्या गावात कुणी शिक्षक, शेतकरी, विद्यार्थी वर्षानुवर्षं काही मोजत असेल, लिहीत असेल, मग तो पाऊस असो, पाणीपातळी असो, पक्षी असोत की आकाशातले तारे, तर खाली कॉमेंटमध्ये किंवा मेसेजमध्ये कळवा. लेटरहेड नको, शिफारस नको. वही तेवढी दाखवा. मी येऊन वाचतो, आणि ज्यातलं मला कळणार नाही ते कळणाऱ्या माणसापर्यंत पोहोचवतो.